दातांना तारा लावल्यावर जेवायचे कसे

दातांना तारा लावून घरी येणाऱ्या माणसाच्या हातात दवाखान्याने बहुतेकदा एक कागद दिलेला असतो. 'काय खाऊ नये' याची यादी त्यावर छापलेली असते. ती यादी उपयोगी असते, पण तिच्यात नसलेला एखादा पदार्थ ताटात आला की माणूस अडतो आणि मग एकतर सगळेच सोडून देतो किंवा 'एवढ्याने काय होणार' म्हणत दात रोवतो. दोन्ही चुकीचे आहे. तारांचे उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात आणि इतका काळ केवळ मनाईच्या यादीवर काढता येत नाही. ब्रॅकेट (तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) दाताला धरून कसे राहते आणि ते कशाने सुटते हे एकदा समजले, तर समोरच्या पदार्थाचे काय करायचे ते आपले आपल्यालाच ठरवता येते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ब्रॅकेट कशाने चिकटते, कशाने सुटते

ब्रॅकेट चिकटवण्याआधी दाताच्या इनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण आवरणावर, काही सेकंद फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे तयार होतात. मग रेझिन हे चिकटवणारे द्रव्य त्या छिद्रांत उतरते आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होते. ही पकड मजबूत असते, परंतु ती मुद्दाम एका मर्यादेतच ठेवलेली असते, कारण उपचार संपल्यावर हीच ब्रॅकेट इनॅमलला इजा न होता काढायची असतात. रोजचे चावणे सोसेल इतकी घट्ट आणि शेवटी निघून येईल इतकी सैल, अशी ही तडजोड आहे. म्हणून ब्रॅकेट सुटले की 'डॉक्टरांनी नीट लावलेच नाही' असा निष्कर्ष लगेच काढू नये. पुष्कळदा त्या पकडीच्या मर्यादेपलीकडचा जोर आपल्याच घासाने दिलेला असतो.

हा जोर मुख्यतः दोन प्रकारे येतो. कडक पदार्थ ब्रॅकेटवर आदळतो किंवा त्याच्या कडेवर अडकून त्याला तिरका रेटतो, तर चिकट पदार्थ ब्रॅकेटला धरतो आणि तोंड उघडताना स्वतःकडे ओढतो. तिसरी गोष्ट तारेची. पुढच्या दातांत ब्रॅकेट जवळजवळ असल्याने तारेला आधार असतो, पण शेवटच्या ब्रॅकेटपासून तारेचे टोक ज्यात अडकवतात त्या दाढेवरच्या छोट्या नळीपर्यंतचा तारेचा तुकडा बराच मोकळा असतो. सुरुवातीच्या तारा बारीक आणि लवचीक असतात, त्यामुळे कडक घास नेमका त्या मोकळ्या जागी दाबला गेला तर तार नळीतून बाहेर येते आणि तिचे टोक गालात रुतते. तार खुपण्याच्या तक्रारींमागे अनेकदा असा एखादा घासच असतो.

पहिला आठवडा

पहिला पूर्ण दिवस मऊ पदार्थांवरच काढावा. रेझिन प्रकाशाने लगेच घट्ट होत असले, तरी त्याची पूर्ण ताकद पुढच्या 24 तासांत वाढत जाते. शिवाय ओठ, जीभ आणि गाल यांना तोंडातल्या या नव्या उंचवट्यांची अजून सवय झालेली नसते.

तार लावल्याबरोबर दुखत नाही, म्हणून पहिल्या दिवशीचे जेवण अनेकांना सोपे वाटते. दुखणे काही तासांनी सुरू होते, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि पाच ते सात दिवसांत ओसरते. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेच्या दाबाने तो एका बाजूला दबतो, तिथे सूज येते, आणि दात चावताना दुखतो. दात सरकण्याची प्रक्रिया याच सुजेतून सुरू होते, त्यामुळे या दुखण्याची भीती बाळगू नये. मात्र त्या दिवसांत दातांवर जबरदस्तीही करू नये.

या काळात मऊ शिजवलेला भात, ओट्सची लापशी, सूप, दही, केळे, कुस्करलेला उकडलेला बटाटा, मऊ अंडे, नीट शिजलेल्या भाज्या असे पदार्थ सोयीचे पडतात. नुसत्या पातळ पदार्थांवर राहण्याची गरज नसते. वाढत्या वयाच्या मुलांना तर तसे ठेवूच नये. मुलाने चावायला नकार दिला तर नेहमीचेच अन्न थोडे जास्त शिजवून काट्याने मोडून द्यावे; प्रथिने आणि भाज्या बंद करू नयेत. थंड पाणी किंवा थंड दही प्यायल्याने बरे वाटते, आणि त्याला कारण आहे. निकेल-टायटॅनियमच्या काही तारा तोंडाच्या उष्णतेने ताठ होतात आणि थंडाव्याने थोडा वेळ सैल पडतात. पण बर्फाचे तुकडे चावणे म्हणजे कडक पदार्थ चावणेच होय, ते पूर्णपणे टाळावे. दुखणे सहन होत नसेल तर वेदनाशामक गोळी कोणती आणि किती घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

काहींच्या मागच्या दाढांवर किंवा वरच्या पुढच्या दातांच्या मागे छोटे उंचवटे बसवतात, जेणेकरून वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटू नयेत. अशा वेळी तोंड मिटल्यावर सगळे दात एकमेकांना टेकत नाहीत आणि घास दळलाच जात नाही असे वाटते. हे अपेक्षित असते. घास आणखी लहान घ्यावा आणि जेवायला जास्त वेळ ठेवावा, एक-दोन आठवड्यांत बहुतेकांना त्याची लय सापडते. न दळलेला घास पाण्याबरोबर गिळण्याची सवय मात्र लावून घेऊ नये, कारण तसे करताना ठसका लागू शकतो.

गालाच्या आतून घासून फोड आले असतील तर त्या ब्रॅकेटवर मेण लावतात. जेवायला बसण्यापूर्वी ते काढून ठेवावे, नाहीतर अन्न त्यात मिसळून बसते. जेवून दात स्वच्छ केल्यावर, ब्रॅकेट कोरडे करून नवे मेण लावावे. चुकून थोडे गिळले गेले तरी त्याने अपाय होत नाही.

ब्रॅकेट लावण्याच्या काही दिवस आधी दाढांच्या फटींत छोटी रबरी कडी बसवली असतील, तर तेव्हापासूनच चिकट पदार्थ बंद करावेत. ती कडी निघून गेली तर फट पुन्हा मिटते आणि दाढेवर बँड (दाढेभोवती बसवायचे धातूचे कडे) बसत नाही.

चावण्याची नवी रीत

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि छापील कागदावर याला जेमतेम एक ओळ मिळते. पुढच्या दातांनी तोडणे आणि मागच्या दाढांनी दळणे ही दोन वेगळी कामे आहेत. तारा असेपर्यंत पहिले काम सुरीकडे द्यायचे आणि दुसरे दाढांकडे ठेवायचे.

सफरचंदाचे उदाहरण घेऊ. अख्खे सफरचंद दातांनी तोडताना वरचे दात सालीत घुसतात, खालचे दात समोरून रुततात आणि मग आपण हाताने सफरचंद थोडे फिरवून तुकडा उखडतो. तो शेवटचा पीळ सगळा घात करतो, कारण तेव्हा फळाची कड ब्रॅकेटच्या खाचेत अडकलेली असते आणि हाताचा जोर तिथेच उतरतो. तेच सफरचंद सोलले, त्याच्या पातळ फोडी केल्या, प्रत्येक फोड आडवी कापून बोटाच्या पेरापेक्षा लहान केली आणि ती थेट दाढांवर ठेवली, तर ब्रॅकेटला फक्त तिचा ओलावा लागतो. फळ तेच, चव तीच, फक्त त्याचे रूप बदललेले असते.

हे मी अनुभवातून सांगत आहे. मला तारा लावल्यानंतर तिसऱ्या महिन्यात दुखणे पूर्ण थांबले होते, आणि 'आता जमते' अशा भ्रमात मी एका कडक पावाची कड पुढच्या दातांनी ओढली. आवाज झाला नाही, दुखलेही नाही. संध्याकाळी जीभ फिरवताना खालच्या सुळ्याशेजारचे ब्रॅकेट तारेवर मण्यासारखे सरकत असल्याचे जाणवले. ते पुन्हा चिकटवायला दहा मिनिटे लागली असतील, पण तो दात तोवर तारेच्या पकडीतून सुटलेला होता आणि त्याला पुन्हा रांगेत आणण्यात एक भेट वाया गेली. दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो, हे लक्षात घेतले तर असा एक घास किती महाग पडतो ते कळते.

ही रीत अंगवळणी पाडण्यासाठी पहिले काही आठवडे ताटातील प्रत्येक गोष्ट वाढण्यापूर्वीच कापून घ्यावी. ताटात अख्खा पदार्थ असेल आणि सुरी दूर असेल, तर हात आपोआप तोंडाकडे जातो. मांस हाडापासून सोडवूनच पानात घ्यावे आणि धाग्यांना आडवे कापावे. मक्याचे कणीस दातांनी सोलू नये, दाणे सुरीने काढून, शिजवून चमच्याने खावेत. गाजर आणि इतर कडक कच्च्या भाज्या किसाव्यात किंवा वाफवाव्यात. पाव खायचा असेल तर कडा काढून मधला मऊ भाग लहान तुकडे करून खावा. पिझ्झा खाताना मऊ भाग कापून घ्यावा आणि जाड, कडक काठ सोडून द्यावा. घास शक्यतो दोन्ही बाजूंना वाटून चावावा.

पदार्थ पारखण्याची सोपी कसोटी

अनोळखी पदार्थ समोर आला की त्याला चमच्याची कड लावून पाहावी. चमच्याने सहज तुटत असेल तर तो बहुतेक निर्धोक असतो. सुरी लागत असेल तर कापून, लहान करून खावा. सुरीनेही जोर लावावा लागत असेल किंवा तो 'कट्' असा मोडत असेल, तर तारा निघेपर्यंत त्याला बाजूला ठेवावे. अक्रोड-बदामांसारखी कवचाची फळे, कडक बिस्किटे आणि कडक गोळ्या या तिसऱ्या गटातल्या होत. बदाम हवेच असतील तर त्यांची पूड करून दुधात किंवा लापशीत घालता येते.

चिकटपणासाठी दोन बोटे पुरतात. पदार्थाचा लहानसा तुकडा बोटांत दाबून बोटे दूर करावीत. पदार्थाचे चिकट तंतू सुटत असतील किंवा बोटे ओढली जात असतील, तर तो पदार्थ ब्रॅकेटलाही तसाच ओढणार. टॉफी, कॅरॅमल, चिकट चॉकलेटी वड्या, सुकवून चिवट झालेली फळे या कसोटीत नापास होतात. च्युइंगगमबद्दल दंतवैद्यांमध्ये मतभेद आहेत. साखर नसलेल्या गमला काही जण परवानगी देतात. मला विचाराल तर, आपल्या डॉक्टरांनी स्पष्टपणे 'चालेल' म्हटल्याशिवाय ते तोंडात घालू नये.

काही पदार्थ मात्र मऊ दिसूनही फसवतात, आणि त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. पॉपकॉर्नचा फुललेला भाग हलका असतो, पण त्यातला न फुललेला दाणा दगडासारखा असतो, आणि त्याचे पातळ साल हिरडी आणि ब्रॅकेट यांच्या मध्ये घुसून बसले तर दिवसेंदिवस निघत नाही व तिथे सूज येते. खजूर, ऑलिव्ह, चेरी यांच्या बिया, माशाचे काटे, शिजलेल्या मांसातील हाडाचे चुरे हे सगळे घासात लपून येतात. असे पदार्थ खाण्यापूर्वी बोटांनी चाचपून निवडण्यात कसलाही कमीपणा मानू नये. अन्न नसलेल्या गोष्टींचेही भान ठेवावे. पेन्सिल, पेनाचे टोपण आणि नखे चावण्याच्या सवयीने अगदी पथ्याने जेवणाऱ्यांचीही ब्रॅकेट सुटतात.

सिरॅमिकची दाताच्या रंगाची ब्रॅकेट असतील तर त्यांच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. सिरॅमिक कठीण असते पण ठिसूळ, त्यामुळे धातू वाकेल तिथे त्याचा टवका उडतो. शिवाय ब्रॅकेटभोवतीची पारदर्शक रबरे हळद, कॉफी आणि टोमॅटोच्या रश्शाने पिवळी पडतात. त्याने दातांचे नुकसान होत नाही, आणि पुढच्या भेटीत रबरे बदलली की रंगही जातो.

साखर आणि आम्ल

ब्रॅकेट सुटले की निदान कळते. साखरेने होणारे नुकसान मात्र तारा निघेपर्यंत अनेकदा लक्षातच येत नाही, म्हणून त्याची मला जास्त काळजी वाटते. ब्रॅकेटच्या कडेला जिवाणूंचा मऊ थर साचतो. त्यांना साखर मिळाली की काही मिनिटांतच ते आम्ल तयार करतात, आणि त्या ठिकाणचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा, जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते, परंतु त्यासाठी तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो. वर्ष-दीड वर्षाने ब्रॅकेट काढले जाते तेव्हा त्याच्या जागी स्वच्छ चौकोन आणि त्याभोवती खडूसारखी पांढरी चौकट दिसते. सरळ झालेल्या दातांवर ती चौकट पाहताना फार वाईट वाटते, आणि ती पूर्ण पुसली जाईलच असे नसते. स्वच्छता नसेल तर असे डाग महिनाभरातही सुरू होऊ शकतात.

यातून निघणारा नियम असा, की गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे ठरते. जेवणाबरोबर एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर घोट-घोट घेतलेले गोड पेय जास्त घातक ठरते, कारण लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. सोडायुक्त शीतपेयांत साखर तर असतेच, शिवाय बहुतेकांचा पीएच 2.5 ते 3.5 इतका आम्लधर्मी असतो, त्यामुळे साखर नसलेली शीतपेयेही दातांना निर्धोक नाहीत. प्यायचेच झाले तर जेवणाबरोबर, एका बैठकीत प्यावे आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. दोन जेवणांच्या मधली तहान पाण्यावरच भागवावी.

जेवण झाल्यावर

आधी पाण्याची जोरात चूळ भरावी. पाणी गालांत खळखळवून ब्रॅकेटच्या मधून ढकलले की अडकलेले निम्मे अन्न तिथेच सुटते. आंबट काही खाल्ले-प्यायले असेल तर ब्रश करण्याआधी अर्धा तास थांबावे, कारण तेवढा वेळ इनॅमल मऊ पडलेले असते. मग फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घेऊन मऊ ब्रश आधी हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या पट्टीवर तिरका धरावा, नंतर ब्रॅकेटच्या खालच्या बाजूवर, आणि शेवटी चावण्याच्या पृष्ठभागांवर व आतून फिरवावा. तारेखालच्या जागेत दोन दातांमध्ये घालायचा बारीक निमुळता ब्रश वापरावा, नेहमीचा ब्रश तिथे पोहोचत नाही. अडकलेले अन्न पिन किंवा टाचणीने कधीही कोरू नये. काम झाले की आरशात पाहावे. ब्रॅकेटचा धातू चकाकताना आणि त्याच्या चारही कडा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. कडा पुसट दिसत असतील तर तिथे थर उरलेला आहे.

वरच्या आणि खालच्या दातांना जोडणारी रबरे दिलेली असतील तर जेवताना ती काढायची की ठेवायची हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावे. काढायची असतील तर जेवून दात स्वच्छ केल्यावर लगेच नवी लावावीत, 'नंतर लावू' म्हणताना अर्धा दिवस निघून जातो.

बाहेर खाताना

निघताना एक लहान डबी जवळ ठेवावी. तीत छोटा ब्रश, दातांमधला निमुळता ब्रश, मेणाची कांडी आणि एक लहान आरसा एवढे पुरेसे असते. पदार्थ मागवताना तो मऊ आणि कापता येण्याजोगा आहे का एवढेच पाहावे. ब्रश करायला जागा नसेल तर चूळ भरून वेळ भागवावी आणि घरी पोहोचल्यावर नीट स्वच्छता करावी.

काही सुटले किंवा खुपले तर

ब्रॅकेट सुटून तारेवरच फिरत असेल तर ते ओढून काढू नये. खुपत असेल तर मेण लावून स्थिर करावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून कळवावे, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. फोनवर कोणता दात, ब्रॅकेट तारेला अडकलेले आहे की हातात आले आहे आणि खुपते आहे का, या तीन गोष्टी सांगितल्या तर किती लवकर यायचे ते त्यांना ठरवता येते. सुटलेले ब्रॅकेट जपून सोबत न्यावे. तारेचे टोक गालात रुतत असेल तर ते पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ रबराने हलकेच दाताकडे वळवून पाहावे आणि न जमल्यास मेणाने झाकावे. जखमेसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात.

ब्रॅकेट गिळले गेले तर बहुतेक वेळा ते पोटातून आपोआप बाहेर पडते, तरी डॉक्टरांना कळवावे. गिळताना दुखू लागले किंवा पोटात दुखू लागले तर तपासून घ्यावे. पण ठसका लागून खोकला थांबत नसेल, श्वासाला घरघर येत असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर ते श्वासनलिकेत गेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी दंतवैद्याकडे न जाता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

तारा निघाल्यानंतरचा पहिला दिवस बहुतेक जण अख्खे सफरचंद खाऊन साजरा करतात. त्याआधी एक गोष्ट आरशात पाहून घ्यावी. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून अनेकांच्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे एक बारीक तार कायमची चिकटवलेली असते, आणि तीही त्याच रेझिनने धरलेली असते. ती असेल, तर सफरचंदाच्या फोडी यापुढेही कराव्या लागतील.